कथेतल्या जाणत्यांचा उमेदवारांना सल्ला

काम शिकायला निघालेला तरुण आणि त्याला चार शब्द सांगणारे वडीलधारे माणूस ही जोडी कथासाहित्यात फार जुनी आहे. तो राजपुत्र असो, लोहाराच्या हाताखालचा पोर असो की पहिल्या नेमणुकीवर निघालेला मास्तर असो, लेखक त्याच्या वाटेवर कोणीतरी अनुभवी पात्र उभे करतो आणि त्याच्या तोंडी पैसा, धंदा, मालक, मैत्री यांविषयीचे शहाणपण घालतो. या उपदेशांतली वाक्ये पुढे सुटी होऊन शाळेच्या फळ्यावर आणि दिनदर्शिकेच्या पानावर जातात. मूळ कथेत मात्र सांगणारा कोण, त्याचा त्यात काय लाभ, ऐकणाऱ्याने काय केले आणि शेवटी काय झाले, हे सगळे सल्ल्याला चिकटलेले असते. प्रत्यक्ष आयुष्यात एखादा सल्ला खरा की खोटा हे कळायला अर्धे आयुष्य जाते. कथेत त्याचा निकाल शेवटच्या पानापर्यंत लागतो.

भारतीय परंपरेत या प्रकाराचा मूळ ग्रंथ म्हणजे पंचतंत्र. महिलारोप्याच्या अमरशक्ती राजाचे तीन मुलगे अभ्यासात ढ. विष्णुशर्मा त्यांना सहा महिन्यांत राजनीतीत तयार करण्याचे कबूल करतो आणि त्यासाठी गोष्टींचा आधार घेतो. म्हणजे अख्खे पुस्तकच उमेदवारांसाठी रचलेले आहे. त्यातल्या पहिल्या तंत्रात नोकरीविषयीचा जो वाद आहे, तो आजच्या कुठल्याही कचेरीत शोभेल. पिंगलक नावाच्या सिंहाच्या दरबारातून बाजूला पडलेले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे. पाणी प्यायला निघालेला सिंह संजीवक बैलाची डरकाळी ऐकून घाबरतो, आणि दमनकाला त्यात संधी दिसते. मालक घाबरलेला असताना त्याच्या जवळ जावे, त्याच्या मनातले ओळखावे, त्याला हवे ते वेळेवर बोलावे, असे त्याचे गणित. करटक त्याला माकडाची आणि पाचरीची गोष्ट सांगतो. सुतारांनी अर्धवट फाडून ठेवलेल्या ओंडक्यातली पाचर माकड उगाच उपटते आणि फटीत चिरडून मरते. ज्या कामाशी आपला संबंध नाही त्यात हात घालू नये, हा करटकाचा सल्ला.

दमनक तो ऐकत नाही. तो आधी सिंह आणि बैल यांची मैत्री जुळवून देतो, मग तीच मैत्री आपल्याला अडचणीची होते असे दिसल्यावर दोघांचे कान भरतो. सिंह बैलाला मारतो. करटक संतापून आणखी एक गोष्ट सांगतो. थंडीत कुडकुडणारी माकडे लाल गुंजांना निखारे समजून फुंकत बसलेली असतात. सूचीमुख नावाचा पक्षी त्यांना ही आग नाही असे सांगत राहतो आणि शेवटी एक माकड त्याला दगडावर आपटून ठार करते. उपदेशाच्या ग्रंथातच उपदेश करणाऱ्याची ही गत दाखवणारा लेखक मोठा धूर्त म्हटला पाहिजे. त्याहून मोठी गंमत पुढे आहे. या तंत्राच्या शेवटी दमनकाला कसलीही शिक्षा होत नाही. तो सिंहाचे सांत्वन करतो आणि मंत्री म्हणून सुखाने राहतो. पंचतंत्र सहाव्या शतकात पहलवीत आणि तिथून आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याच्या हातून अरबीत गेले, तेव्हा हा शेवट पचला नसावा. अरबी ‘कलीला व दिमना’मध्ये दमनकाच्या चौकशीचे एक जादा प्रकरण आहे, आणि तिथे त्याला मरावे लागते. मूळ संस्कृत कथेचा शेवट कडू आहे, पण राजपुत्रांना दरबार जसा असतो तसा दाखवायचा होता, हे लक्षात घेतले तर तोच अधिक प्रामाणिक वाटतो.

सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त याच्या अगदी उलट प्रकारचा उपदेश भेटतो. उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड सहाव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत नगराबाहेरच्या विद्यामंदिरात सगळ्या विद्या शिकून परततो. यौवराज्याभिषेकाची तयारी सुरू असताना तो तारापीड राजाचा वृद्ध मंत्री शुकनास याच्या भेटीला जातो. तिथे शुकनास त्याला जे सांगतो, तो भाग ‘शुकनासोपदेश’ या नावाने संस्कृतच्या अभ्यासक्रमांत स्वतंत्रपणे शिकवला जातो. शुकनास सुरुवातीलाच मान्य करतो की या मुलाला शिकवण्यासारखे काही उरलेले नाही. प्रश्न विद्येचा नाही, वयाचा आणि पदाचा आहे. जन्मापासूनचे ऐश्वर्य, नवे तारुण्य, अनुपम रूप आणि असामान्य शक्ती यांतली एकेक गोष्टही माणसाला बिघडवायला पुरेशी असते, मग चारही एकत्र आल्या तर काय होईल, असा त्याचा मुद्दा आहे.

यानंतर लक्ष्मीचे जे वर्णन येते ते बाणाच्या शैलीचा कळस मानले जाते. समुद्रमंथनातून निघताना लक्ष्मीने बरोबरच्या रत्नांकडून एकेक दोष उचलला, अशी ती कल्पना आहे. चंद्रकोरीकडून वाकडेपणा, उच्चैःश्रव्याकडून चंचलपणा, कालकूटाकडून भुरळ पाडण्याची शक्ती, कौस्तुभाकडून कठोरपणा. पण राज्यकारभारात उतरणाऱ्या मुलाच्या दृष्टीने कामाचा भाग पुढचा आहे, खुशामतखोरांचा. जुगाराला करमणूक, शिकारीला व्यायाम, मद्यपानाला विलास असे नाव देऊन, दोषांना गुण म्हणवून घेणारी माणसे राजाभोवती कशी जमतात आणि राजा स्वतःला देव कसा समजू लागतो, याचे शुकनासाने केलेले वर्णन तेराशे वर्षांनंतरही जुने झालेले नाही. चंद्रापीड ऐकून घेतो, आनंदित होतो आणि घरी जातो. याच विद्यामंदिरात त्याच्याबरोबर शुकनासाचा स्वतःचा मुलगा वैशंपायन शिकलेला असतो. पुढे महाश्वेतेच्या मोहात वाहवत जाऊन शाप ओढवून घेतो आणि पोपट होतो तो हाच वैशंपायन. राजाच्या मुलासाठी एवढे बोललेल्या मंत्र्याने घरच्या मुलाला काय सांगितले होते, याची नोंद कथेत नाही.

पाश्चात्त्य साहित्यात बापाचा सल्ला म्हटले की शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधला पोलोनियस आठवतो. आगरकरांनी 1883मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने या नाटकाचे मराठी रूपांतर केले, तेव्हापासून हा म्हातारा मराठी वाचकालाही अपरिचित नाही. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात त्याचा मुलगा लेअर्टीस फ्रान्सला निघालेला असतो. जहाज थांबले आहे, वारा अनुकूल आहे, लवकर नीघ असे म्हणतच पोलोनियस त्याला अडवून यादी ऐकवतो. सर्वांचे ऐकावे पण थोड्यांशीच बोलावे, भांडणात पडू नये पण पडलेच तर समोरच्याला धाक बसेल असे वागावे, कपडे ऐपतीप्रमाणे चांगले असावेत पण भडक नसावेत, उसने देऊ नये आणि घेऊही नये, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्वतःशी खोटे वागू नये. या यादीत एकही चुकीची गोष्ट नाही. म्हणूनच ती चारशे वर्षे सुविचारांच्या संग्रहांत मानाने बसलेली आहे.

ती उद्धृत करणारे बहुतेक जण दुसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशापर्यंत पोचलेले दिसत नाहीत. तिथे तोच पोलोनियस रेनाल्डो नावाच्या नोकराला पॅरिसला पाठवतो आणि मुलगा कसा वागतो हे काढून घेण्यासाठी त्याच्याबद्दल थोडी बदनामीकारक कुजबुज पसरवायला सांगतो. ज्याला सचोटी शिकवली त्याच्याच मागावर माणूस सोडायचा! पुढे पडद्याआड लपून ऐकत असतानाच तो हॅम्लेटच्या तलवारीने मरतो. आणि लेअर्टीस? बापाच्या मृत्यूने पेटून परतलेला हा मुलगा राजाच्या कटात सामील होऊन विषारी तलवारीने द्वंद्व खेळतो. बापाच्या यादीतले एकही कलम त्याच्या हातून पाळले जात नाही.

उपदेशाचा कंटाळा येणारा नायक हवा असेल तर गटेकडे जावे लागते. त्याची ‘विल्हेल्म मायस्टर’ची शिकाऊ वर्षे सांगणारी कादंबरी 1795-96मध्ये प्रसिद्ध झाली. कारागिरांच्या संघात उमेदवारी संपली की शिकाऊ मुलाला पत्र मिळे, त्याच धर्तीवर मनोऱ्यातली एक गुप्त मंडळी विल्हेल्मला सूत्रमय वाक्यांनी भरलेले प्रमाणपत्र देते. पुढे ते वाचून दाखवले जात असताना, ही गूढ वाक्ये आता पुरे, असे तो सांगतो. नाटकधंद्यात वर्षे घालवून तो आपला मार्ग नव्हे हे त्याला स्वतःच्या चुकांतून कळलेले असते. सूत्रे हातात पडतात ती त्यानंतर.

पैशाविषयीच्या सल्ल्यात डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधल्या मिकॉबर यांची बरोबरी कोणी करू शकत नाही. दहा वर्षांचा डेव्हिड दारूच्या वखारीत बाटल्या धुण्याच्या कामाला लागलेला आहे आणि मिकॉबर कुटुंबाकडे राहतो. कर्जापायी तुरुंगात गेलेल्या मिकॉबरना तो भेटायला जातो, तेव्हा ते त्याला रडत रडत बजावतात की वर्षाला वीस पौंड मिळवणाऱ्याने सहा पेन्स शिल्लक टाकले तर तो सुखी, आणि वीसच्या वर गेला की दुःखी. हिशेब बिनचूक आहे. तो सांगून झाल्यावर मिकॉबर त्याच पोराकडून बिअरसाठी एक शिलिंग उसना घेतात आणि बायकोच्या नावे चिठ्ठी लिहून देतात. डिकन्सच्या वडिलांना 1824मध्ये कर्जापायी मार्शलसी तुरुंगात जावे लागले होते आणि बारा वर्षांच्या चार्ल्सला बूटपॉलिशच्या कारखान्यात काम करावे लागले होते, हे माहीत असले की या विनोदातली धार कळते.

प्रेमचंदांच्या ‘नमक का दारोगा’ या कथेत बाप जो सल्ला देतो तो मात्र उघड वाईट आहे, आणि तरी ऐकताना तो वाईट वाटत नाही, हे लेखकाचे कसब. मुलगा वंशीधर नोकरी शोधायला निघाला आहे. घर कर्जात, मुली लग्नाच्या, बाप थकलेला. तो मुलाला सांगतो की हुद्द्याकडे पाहू नकोस, वरकमाई कुठे आहे ते पाहा. पगार पौर्णिमेच्या चंद्रासारखा एक दिवस दिसून झिजत जातो, वरकमाई वाहत्या झऱ्यासारखी असते. पगार माणूस देतो म्हणून त्याला बरकत नाही, वरकमाई देव देतो, हा त्याचा युक्तिवाद. गरिबीने माणसाची नीती कशी वाकवली जाते आणि त्या वाकण्याला तो धर्माचाही आधार कसा देतो, हे इथे एका परिच्छेदात दिसते.

वंशीधर मिठाच्या खात्यात दारोगा होतो. एका रात्री यमुनेच्या पुलावर तो जमीनदार पंडित अलोपीदीन यांच्या चोरट्या मिठाच्या गाड्या पकडतो. लाचेची बोली एक हजारावरून चाळीस हजारांपर्यंत चढते, तरी तो डळमळत नाही. न्यायालयात अलोपीदीन सुटतात, वंशीधरची नोकरी जाते, घरी बाप कपाळ बडवून घेतो. मग अलोपीदीन स्वतः दारात येतात आणि त्याला आपल्या सगळ्या मालमत्तेचा कायमचा व्यवस्थापक नेमतात. वर्षाला सहा हजार पगार, वर घोडा, बंगला, नोकरचाकर. बापाचा सल्ला हरला, असे शाळेत शिकवले जाते. पण प्रामाणिक माणसाला आसरा मिळाला तो सरकारकडून नाही, ज्याला त्याने पकडले त्याच धनिकाकडून, आणि तेही त्याची मिळकत राखण्यासाठी. हा शेवट दिसतो तितका गोड नाही.

कामातले कौशल्य शिकवणारी पात्रे या सगळ्यांपेक्षा कमी बोलतात. शेरलॉक होम्सच्या कथांत स्टॅन्ली हॉपकिन्स हा तरुण पोलीस इन्स्पेक्टर होम्सच्या पद्धतींचा चाहता म्हणून येतो. 1904च्या ‘ब्लॅक पीटर’ कथेत निवृत्त देवमासे-शिकारी कप्तान पीटर कॅरी याचा खून झाला आहे, हार्पून शरीरातून आरपार जाऊन मागच्या लाकडी भिंतीत रुतला आहे. हॉपकिन्स वहीवरच्या आद्याक्षरांवरून नेलिगन नावाच्या एका किडकिडीत तरुणाला पकडतो आणि खूश होतो. होम्स दरम्यान एका खाटकाच्या दुकानात जाऊन टांगलेल्या डुकरावर हार्पून चालवून आलेला असतो. पूर्ण जोर लावूनही त्याला तो एका घावात आरपार घालता आलेला नाही. म्हणजे खुनी सरावलेला आणि भक्कम हार्पूनवाला असला पाहिजे. नोकरीची जाहिरात देऊन तो पॅट्रिक केर्न्स या खलाशाला गाठतो. हॉपकिन्सला मिळालेला धडा एवढाच, की जुळलेल्या उत्तरावर न थांबता दुसरी शक्यता नेहमी तपासावी. नियम एका ओळीचा आहे, पण तो पटतो त्या डुकरामुळे.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) पहिल्या नोकरीचे दुसरे चित्र आहे. औंध संस्थानाने नेमलेला पोरसवदा मास्तर राजाराम सौंदणीकर धनगरांच्या वाडीवर पोचतो. शाळा भरत नाही, कारण पोरे मेंढरांमागे असतात. त्याला हाताशी धरतो तो वाडीचा म्हातारा कारभारी. शिक्षणशास्त्र त्याला माहीत नाही. वाडीत कोणाला कसे बोलावे, कोणाच्या शब्दाला किती वजन आहे, हे माहीत आहे. मास्तरला कामाचे प्रशिक्षण मिळते ते एवढेच. त्यावर तो पत्रे लिहितो, तंटे सोडवतो, गावाच्या श्रमातून तालीम उभी करतो. शेवटी दुष्काळाने वाडी उठून जाते आणि मास्तरची बदली होते. यशाचा हिशेब मांडायला माडगूळकर थांबत नाहीत.

आता खराखुरा, करारपत्राने बांधलेला शिकाऊ मुलगा. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये (1860-61) पिपला त्याचा मेहुणा जो गार्जरी या लोहाराकडे न्यायाधीशांसमोर रीतसर बांधले जाते, आणि श्रीमंत मिस हॅव्हिशॅम त्यासाठी पंचवीस गिनी देतात. जो जेमतेम अक्षरओळख असलेला माणूस. त्याआधी पिपने मिस हॅव्हिशॅम यांच्या घराविषयी भरमसाट थापा मारल्याचे कळते तेव्हा तो रागावत नाही. सरळ वाटेने मोठेपण मिळत नसेल तर वाकड्या वाटेने तर मुळीच मिळणार नाही, एवढेच त्याला समजावतो. उमेदवारीच्या चौथ्या वर्षी वकील जॅगर्स येऊन सांगतो की कोणा अज्ञात दात्याने पिपला मोठा माणूस करायचे ठरवले आहे. करार मोडल्याची भरपाई जो नाकारतो.

लंडनमध्ये पिपला दोन नवे सल्लागार भेटतात. जॅगर्सचा नियम, दिसण्यावर जाऊ नये, पुराव्यावरच विश्वास ठेवावा. त्याचा कारकून वेमिक याचा मंत्र, जंगम मालमत्ता हाताशी ठेवावी. फाशी जाणाऱ्या अशिलांच्या अंगठ्या तो याच तत्त्वाने गोळा करतो. एकविसाव्या वाढदिवसानंतर वर्षाला पाचशे पौंड मिळणार असे ठरते, तेव्हा पिपच्या मनात येते की गुपचूप काही पैसे घालून मित्र हर्बर्ट पॉकेट याला धंद्यात बसवावे. तो कचेरीत वेमिकला विचारतो. वेमिक बोटांवर लंडनचे सहा पूल मोजून दाखवतो आणि म्हणतो की वाटेल तो पूल निवडा आणि पैसे मधल्या कमानीवरून थेम्समध्ये फेका, मित्रासाठी घालण्यापेक्षा ते बरे. पिप विचारतो, हे तुमचे कायमचे मत? वेमिक सांगतो, हे कचेरीतले मत. वॉल्वर्थच्या घरचे मत वेगळे असेल, त्यासाठी घरी यावे लागेल.

पिप घरी जातो. वेमिकने तिथे छोटा किल्ला बांधला आहे, खंदकावर फळीचा पूल आहे, आत बहिरा म्हातारा बाप आहे. तिथे तोच वेमिक या कल्पनेचे कौतुक करतो आणि स्वतः धडपड करून क्लॅरिकर नावाच्या तरुण व्यापाऱ्याशी हर्बर्टची भागीदारी जुळवून देतो. एकाच माणसाने एकाच प्रश्नाला दिलेली दोन प्रामाणिक उत्तरे! नोकरीतला वरिष्ठ कुठल्या खुर्चीवरून बोलतो आहे हे विचारायची अक्कल पिपला होती, आणि या कादंबरीत त्याने केलेल्या शहाणपणाच्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक आहे.

पुढे दाता एक पळालेला कैदी निघतो, त्याची संपत्ती जप्त होते, पिप कर्जात बुडून आजारी पडतो. लंडनला येऊन त्याची शुश्रूषा करतो तो जो. तो काहीही न बोलता पिपचे 123 पौंड 15 शिलिंग 6 पेन्सचे देणे भागवतो आणि निरोप न घेता गावी परततो. लोहारकाम सुटलेले, दात्याची संपत्ती गेलेली, हाताला कुठलाच धंदा नाही, अशा अवस्थेत पिपला नोकरी मिळते ती क्लॅरिकर आणि कंपनीत, कारकुनाची. परदेशातल्या शाखेवर हर्बर्टच्या घरी राहून तो वर्षानुवर्षे काम करतो, देणी फेडतो आणि शेवटी स्वतःही भागीदार होतो. त्याच्या नावे आलेल्या सगळ्या पैशांतला फळाला आला तो एवढाच, थेम्समध्ये फेकून दे असे कचेरीत सांगितले गेलेला.